शंभर मिलिलिटरची रेघ

"पाणी बरोबर रेघेवर आहे," ताडमाड दादा म्हणाला.

"खाली आहे. चष्मा लाव," भिंगरी म्हणाली. तिचं डोकं जेमतेम टेबलाच्या वर येत होतं.

"तू आधी उंच हो."

"भांडू नका, नळी फुटेल," आजोबा म्हणाले, पण आवाजात नेहमीची जरब नव्हती.

आजोबा या काचेच्या कारखान्यात मोजनळ्यांवर रेघा आखत. पक्क्या मापाने शंभर मिलिलिटर पाणी नळीत ओतायचं आणि पातळी जिथे येईल तिथे रेघ मारायची. तीस वर्षं त्यांच्या रेघेला कुणी नावं ठेवली नव्हती. या महिन्यात मात्र माप चुकलं म्हणून दोन पेट्या परत आल्या. "डोळे थकले तुमचे," म्हणत मुकादमाने त्यांना उद्यापासून खोकी बांधायला बसवायचं ठरवलं. आजोबांनाही ते पटलं होतं, आणि सुट्टीला आलेल्या भिंगरीला तेच सहन होत नव्हतं.

दादाला उलट उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, पण त्याचा 'उंच' हा शब्द तिच्या डोक्यात अडकला. मग दादाचा कान धरून त्याला खाली ओढलं. "आता बघ."

"अरेच्चा, पाणी खाली गेलं!"

भिंगरी आजोबांच्या उंच स्टुलावर चढली. पाणी पुन्हा रेघेवर आलं.

"आजोबा, हे स्टूल कधीचं?"

"महिना झाला. माझं बुटकं स्टूल मुकादमांनी पंखा ठेवायला नेलं." बोलता बोलता आजोबा थबकले. डोळा पातळीच्या अगदी समोर हवा, हे त्यांनीच नातवंडांना शिकवलं होतं. पण बुटक्या स्टुलावर तो आपोआप समोर यायचा. वाकून बघायची सवयच त्यांना नव्हती.

पुढचं काम दादाचं. "मुकादमकाका, एका लिटरात मिलिलिटर किती हो?"

"हजार. शाळेत काय माशा मारता?"

"मग पाव लिटरात?"

मुकादम बोटं मोजू लागला. तेवढ्यात भिंगरीने त्याच्या खोलीतला पंखा जमिनीवर ठेवला आणि स्टूल पळवलं. आरडाओरडा करत मुकादम मागे आला, आणि त्या गोंधळाने मालकीणबाईही आल्या.

"भांडताना कळलं, उंच स्टुलावरून रेघ चुकते! एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "काट्यावर ठेवून बघा."

परत आलेली नळी डोळा पातळीसमोर ठेवून रेघेपर्यंत भरली. काचेचं वजन सोडून काटा एकशे दोनवर गेला. मग आजोबा बुटक्या स्टुलावर बसले आणि त्यांनी कोऱ्या नळीवर रेघ मारली. ती नळीही तशीच भरून काट्यावर ठेवली. बरोबर शंभर! भिंगरीला वाटलं, असा हात आणि असा डोळा अख्ख्या जगात दुसरा नसेल.

"डोळे यांचे नव्हे, आपले थकलेत," मालकीणबाई मुकादमाला म्हणाल्या. "शाबास, पोरांनो. नुसतं भांडण करून एवढं शोधलंत!"

मुकादम पंखा उचलायला निघून गेला. आजोबांनी डोळे पुसले, पुढची नळी उचलली, रेघ मारली. महिनाभर प्रत्येक रेघ ते तीन-तीनदा तपासत होते. ही त्यांनी एकदाच पाहिली आणि बाजूला ठेवली.