तिरकी तरंगणारी पेटी

"एक... दोन... पावणेतीन... सोडा!"

भिंगरीने हिरवी पेटी टाकीतल्या पाण्यात सोडली, टिल्ल्याने पांढरी, आणि दोघंही गाल फुगवून मागून फुंकर मारायला लागले. पलीकडच्या काठाला जी पेटी आधी टेकेल ती जिंकली! शंकासुर पंच होता. तो टाकीच्या कठड्यावर बसून नेहमीसारखा शंका काढत होता.

"आईने पांढरी पेटी धुवायला सांगितलीय. शर्यत लावायला सांगितलीय का?"

"धुवायच्या आधी भिजवावी लागतेच की!" भिंगरी म्हणाली. "फू... फू..."

"पण हिरवी धुवायची नाहीये. ती तयार होऊन आलीय."

"फू... गप रे! पंचाने बोलायचं नसतं!"

भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ टिल्ल्या सुट्टीला मावशीकडे आले होते. शंकासुर हा मावशीचा मुलगा. खरी नावं शाळेच्या हजेरीत होती, घरात ती कोणी वापरत नसे. आणि भिंगरीला भिंगरी का म्हणत, हे वेगळं सांगायला नकोच. जेवताना तिचा पाय हलायचा, वाचताना मान हलायची, आणि झोपेतसुद्धा ती अंथरूणभर फिरून यायची.

मावशी मधपाळ होती. घरामागे तिच्या मधमाश्यांच्या चार पेट्या होत्या, जाड दाबलेल्या थर्माकोलच्या. झाकण वेगळं, तळ वेगळा, आणि मधे नुसत्या चार भिंती. सुट्टीभर मुलांचं कामच ते होतं. मावशी एका पेटीतल्या माश्या धुतलेल्या पेटीत हलवायची. मग रिकामी झालेली पेटी मुलांनी खरवडायची, सोड्याच्या पाण्यात भिजवायची, घासायची, उन्हात ठेवायची. काल चौथी पेटी हलवून झाली होती आणि शेवटची मळकी पांढरी पेटी तेवढी उरली होती.

आणि कालच एक नवीन थवा आला होता! सायकलच्या हँडलवर हजारो माश्यांचा भलामोठा घड लटकला होता. मावशीने तो अलगद एका पुठ्ठ्याच्या खोक्यात झटकून घेतला आणि भिंगरीकडे बघून म्हणाली होती, "एक दिवस जरी नीट वागलीस, तर ही वसाहत तुझी. पेटीवर तुझं नाव!"

रात्रभर भिंगरीला धड झोप लागली नव्हती. खोकं व्हरांड्यात सावलीला टांगलं होतं आणि त्यातून सारखी गुणगुण येत होती. मावशी म्हणाली होती, उद्या संध्याकाळपर्यंत घर मिळालं नाही, तर माश्या उडून जातील. म्हणून मधपाळ संघाच्या कोठीतून, म्हणजे पेट्या धुऊन ठेवायच्या गोदामातून, ही हिरवी पेटी आली होती. ताज्या रंगाची, चकचकीत!

"ताई, तुझी होडी बुडतेय!" टिल्ल्या एकदम ओरडला.

खरंच की! पांढरी पेटी पाण्यावर सपाट तरंगत होती. हिरवीचा एक कोपरा मात्र पाण्याखाली गेला होता आणि समोरचा वर आला होता. भिंगरीने ती फिरवली. पुन्हा तोच कोपरा खाली.

"हे काय चाललंय!"

मागे मावशी उभी होती. तिच्या आवाजाने तिघांच्या तोंडचं पाणी पळालं.

"माश्यांच्या घराची होडी केलीस? आता ही ओली झाली, कधी वाळायची? खेळणं आहे का हे?"

"मावशी, पण ही तिरकी..."

"एक दिवस! एकच दिवस सांगितला होता मी! राहू दे, भिंगरे. माश्यांना शांत माणूस लागतं. हे काही तुझं काम नाही."

मावशी पाठ फिरवून गेली. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडू येत असतानाही तिचा एक पाय हलतच होता, आणि तिला त्या पायाचाच भयंकर राग आला.

टिल्ल्याने हळूच विचारलं, "आता नाव कोणाचं?"

"गप रे टिल्ल्या," शंकासुर म्हणाला. तो कठड्यावरून उतरला होता आणि पेटी उलटीसुलटी करून बघत होता. "ए, इकडे या. थर्माकोल पाण्यावर तरंगतो ना?"

"एवढा तरंगतो की भिजत घालताना वर दगड ठेवावे लागतात," भिंगरी नाक पुसत म्हणाली. "सुट्टीभर मीच तर दगड वाहिलेत."

"मग याचाच एक कोपरा जड का?"

शंकासुराच्या शंका एरवी डोकं उठवत, पण ही शंका भिंगरीला पटली! तिने पेटीच्या भिंतीवर बोटाने टिचकी मारली. टप टप. मऊ आवाज. सरकत सरकत कोपऱ्यापाशी आली. टक टक!

"हे थर्माकोल नाही!" ती कुजबुजली. "आत काहीतरी भरलंय!"

"आणि हे बघ," शंकासुर म्हणाला. "आतूनही रंग! आई आतून कधी रंग लावते का?"

"कधीच नाही. आत माश्या राहतात."

"म्हणजे कोणीतरी काहीतरी झाकलंय."

टिल्ल्याचे डोळे मोठे झाले. "खजिना?"

"गाढवा, खजिना कशाला कोण थर्माकोलमध्ये ठेवेल! चल, मावशीला सांगू!" भिंगरी धावत सुटलीसुद्धा.

शंकासुराने तिचा फ्रॉक धरून ठेवला. "थांब! आई आत्ता आपलं ऐकेल का? खरवडून दाखवलं तर म्हणेल, तुम्हीच मोडलंत. आणि ही पेटी पाठवणारे कोठीवाले काका तिच्या वीस वर्षांच्या ओळखीचे."

व्हरांड्यातल्या खोक्याची गुणगुण वाढत चालली होती. चारदोन माश्या भोकातून बाहेर पडून घिरट्या घालत होत्या. त्या नवीन घर शोधायला निघाल्या होत्या. भिंगरीने खोक्याकडे बघितलं. पेटीत काही वाईट असलं आणि माश्या त्यातच गेल्या तर? वसाहत तिची होवो न होवो, माश्या तर जगायला हव्यात!

ती टाकीभोवती एक फेरी मारून आली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला थबकली.

"काकांनाच विचारू!"

"काय विचारणार? तुम्ही लबाडी केलीत का, असं?"

"नाही रे. पेटी कशी धुतली, ते विचारू. धुतली असेल तर सांगता येईल. नाही का?"

शंकासुराला यात पहिल्यांदाच एकही शंका सापडली नाही.

अकराच्या सुमाराला कोठीवाले काका पेटी मिळाल्याची सही घ्यायला आले. गोल पोट, गोल चेहरा, आणि प्रत्येक वाक्याला "होऊन जाईल हो!" माणूस तसा गोड. मावशीने चहा दिला. तिघं मुलं शहाण्यासारखी समोर येऊन बसली. भिंगरी तर दोन्ही हात पायांवर दाबून बसली होती.

"काका, आम्हीपण पेट्या धुतो. पण तुमच्यासारख्या चकचकीत होत नाहीत," ती म्हणाली.

"कशा होतील? अनुभव लागतो, पोरी!" काकांनी बशीत चहा ओतला. "माझी पेटी म्हणजे धुतल्या तांदळासारखी!"

"आधी काय करायचं?"

"आधी खरवडायचं. मेण, माश्यांचा डिंक, सगळं. मग टाकीत सोडा घालायचा आणि पेटी बुडवून ठेवायची. रात्रभर!"

"रात्रभर!" शंकासुर वहीत लिहून घेत म्हणाला. "आणि काका, वर दगड किती ठेवले?"

"दगड? दगड कशाला?" काका हसले. "पाण्यात सोडली की गुपचूप तळाशी जाते. सकाळी काढायची!"

टिल्ल्या फस्सकन हसला. भिंगरीने त्याला चिमटा काढला.

मावशीचा हात साखरेच्या डब्यावर तसाच राहिला. ती सावकाश वळली. "तळाशी गेली? थर्माकोलची पेटी?"

"हो तर! जड असते ना..." काका बोलता बोलता थांबले. मावशीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बशी खाली ठेवली.

"मावशी, एकदाच ये ना टाकीपाशी!" भिंगरी उठून उभी राहिली. "मग मला हवं तेवढं रागाव!"

सगळे टाकीपाशी गेले. भिंगरीने आधी पांढरी पेटी सोडली. ती सपाट तरंगली. मग हिरवी. ती तिरकी झाली! मावशीने कोपऱ्यावर टिचकी मारली, खिशातून पटाशी काढली आणि हलक्या हाताने रंगाखाली सरकवली. तळहाताएवढं पुट्टीचं ढेकूळ बाहेर पडलं.

मागे भोकंच भोकं होती. मेण खाणाऱ्या अळ्यांनी भिंत पोखरून बोगदे केले होते. त्यांत काळं, जुनं मेण, जाळी, आणि माश्यांची वाळलेली, मेलेली पिल्लं. वास असा आला की टिल्ल्या चार पावलं मागे गेला.

"ही कुठल्या पेट्यांमधली?" मावशीने विचारलं. आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्तच भीती वाटली.

काकांचा गोल चेहरा लांबट झाला. "मागच्या वर्षी... ती वसाहत रोगाने गेली, त्यातली. ताई, धुवायचीच होती हो! पण पाठ दुखत होती, पेट्यांचा ढीग पडलेला. म्हटलं, भोकं बुजवू, रंग मारू..."

"आणि माझ्या माश्या यात मेल्या असत्या, तर?"

इतक्यात व्हरांड्यातून मोठा घूंऽऽऽ आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. खोक्यावर आता मूठभर माश्या जमल्या होत्या.

"त्या निघायच्या बेतात आहेत!" शंकासुर ओरडला. "आणि घर कुठाय?"

"पांढरी पेटी!" भिंगरी म्हणाली. "आत्ता लागलो तर संध्याकाळी होईल!"

"मी आगीची झळ मारून देतो," काका घाईने म्हणाले. "लाकडाच्या पेटीला मारतात तशी. एका मिनिटात साफ!"

"थर्माकोलला झळ?" तिघंही एकदम किंचाळली. "काका, त्याचा गोळा होईल!"

मावशीला एवढ्या रागातही हसू आलं. तिने रबरी हातमोज्यांची जोडी काकांच्या हातात दिली. "तुम्ही घासा. ही पोरं शिकवतील."

आणि काय दिवस गेला म्हणता! मावशीने खोक्यावर ओलं फडकं टाकून गारवा केला. काका खरवडत होते आणि भिंगरी त्यांच्याभोवती नाचत होती. "हात हलका, काका! दाणे निघतायत!" "चौकटी अडकवायची खाच राहिली!" "कोमट पाणी, उकळतं नको!" सोड्याच्या पाण्यात पेटी बुडवली, तेव्हा काकांनी स्वतः चार दगड उचलून वर ठेवले. पाचवा टिल्ल्याने मुद्दाम दिला. मग घासणं, तीनदा खळखळून धुणं, पुसणं आणि ऊन. ऊन पुढे सरकलं की भिंगरी पेटी पुढे सरकवायची. दर पाच मिनिटांनी खोक्याला कान लावून यायची. जीव नुसता टांगणीला लागला होता.

ऊन कलायच्या आत पेटी वाळली. मावशीने भिंत हुंगून पाहिली, मान हलवली आणि भिंगरीला जाळीची टोपी घातली.

"मी?"

"तूच. माश्यांना चढायला पेटीच्या तोंडाशी ही फळी लावलीय ना, तिचं हे टोक धरून उभी राहा. फळी हलली, तर माश्या उधळतील."

भिंगरीने आपल्या पायांकडे बघितलं. "मावशी, माझ्याने नाही..."

"सकाळी मी घाईने बोलले. चुकलं माझं," मावशी म्हणाली. "तू नीट धर."

तिने खोकं फळीवर झटकलं. तपकिरी माश्यांचा ढीग धप्पकन पडला, पसरला आणि क्षणभर नुसता घोंगावत राहिला. मग एक माशी पेटीच्या तोंडाकडे चालू लागली. मग दहा, मग शंभर. काही जणी दारात पोटाचं टोक वर करून पंख फडफडवत बाकीच्यांना बोलावू लागल्या. मधेच लांबट पोटाची राणी चालत आली आणि सरळ आत गेली.

"गेली!" शंकासुर पुटपुटला. टिल्ल्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

माश्या भिंगरीच्या बोटांवरून चालत होत्या. त्यांच्या इवल्याशा पायांच्या गुदगुल्या तिला कळत होत्या. ती हलली नाही.

काकांनी हातमोजे काढले. "ताई, या पोरांनी माझे डोळे उघडले. उद्यापासून कोठीतली प्रत्येक पेटी आधी पाण्यात सोडून बघणार. तिरकी तरंगली, की बाद!"

"आणि पोरांनी पास केल्याशिवाय एकही पेटी बाहेर जाणार नाही," मावशी म्हणाली. तिने कुंचला घेऊन पेटीच्या पाठीवर काहीतरी लिहिलं. काकांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "भिंगरी!" शंकासुराने एकही शंका न काढता टाळ्या वाजवल्या.

मग सगळे आत गेले, हात धुतले, दिवा लावला. ताटं मांडताना टिल्ल्याने एक ताट जास्त मोजलं आणि विचारलं, "ताई कुठाय?"

मावशी धावत मागे गेली. फळी रिकामी होती, माश्या केव्हाच आत गेल्या होत्या आणि पेटीतून शांत गुणगुण येत होती. समोर भिंगरी फळीचं टोक धरून तशीच उभी होती, ताठ, श्वाससुद्धा जपून घेत.

"मावशी," तिने ओठ न हलवता विचारलं, "आता हलू का?"