व्यायामशाळेतला जावई

व्यायामशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या त्या या उजव्या खांद्यामुळे. सराव करताना दोर सुटला, खांदा निखळला आणि डॉक्टरांनी मला वर्दीवर जायला बंदी केली. वर्दी म्हणजे आग लागल्याचा निरोप. तो आला की आमचा माणूस तोंडातला घास तसाच ठेवून बंबावर चढतो. तेच बंद झाल्यावर मी ठाण्यात नुसता येरझाऱ्या घालायला लागलो. साहेब म्हणाले, "गंजशील अशाने. त्यापेक्षा व्यायामशाळा सांभाळ."

व्यायामशाळा नवीनच होती. दुसऱ्या एका ठाण्याचा जवान जिना चढताना छातीत कळ येऊन गेला, तेव्हा सरकारला जाग आली की आग विझवणाऱ्यांच्या अंगात दम पण लागतो. मग आमच्याकडे पाइप वाळवायची जुनी खोली रिकामी करून तिथे पळायचा पट्टा आला, वजनं आली, लोंबता दोर आला. एका भिंतीला टेकवून लाकडी जिना केला. तो चढून वर गेलं की पुढे भिंतच. पाठीवर हवेची टाकी बांधून तो चढायचा, उतरायचा, परत चढायचा. खोलीला मागच्या बाजूला उंचावर एक झरोका होता, त्यातून दुपारची तिरीप यायची आणि तेवढीच धूळ दिसायची. कितीही धुतली तरी त्या खोलीचा ओल्या कॅनव्हासचा वास गेला नाही.

आणि जावई होता. म्हणजे सरावाचा पुतळा. जाड कापडाचा, आत वाळू आणि चिंध्या, पुऱ्या वाढीच्या माणसाइतका जड. अंगात कुणाचा तरी जुना गणवेश, पायात बूट, तोंडाच्या जागी सपाट कापड. माणूस कसा ओढायचा, कसा खांद्यावर घ्यायचा, हे त्याच्यावर शिकायचं. नाव ठेवलं पोरांनी. स्वतःहून हलत नाही, सगळ्यांनी उचलून न्यावं लागतं आणि कितीही केलं तरी तोंडावरची रेष हलत नाही, म्हणून जावई.

या नावावरून सगळ्यात जास्त हसायचे ते भावोजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच ठाण्यात माझ्या आधीपासून. मी भावोजी म्हणतो म्हणून अख्खं ठाणं त्यांना भावोजी म्हणायचं, साहेबसुद्धा. पोट सुटलेलं, बोलणं मोकळं, कामात वाघ. पण आदल्या वर्षीच्या चाचणीत पुतळा ओढताना निम्म्यातच बसले होते. आता परत बसले असते तर त्यांची टेलिफोनच्या खुर्चीवर रवानगी होती. ताईला वाटायचं, बरं होईल. भावोजींना त्या खुर्चीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा.

ते दुपारी यायचे, बाकीचे आडवे झाले की. मी कोपऱ्यात खांद्याचे व्यायाम करत बसायचो आणि ते जावयाला ओढायचे. पहिल्या दिवसांत धाप लागून खाली बसायचे. मग एके दिवशी पाहतो तर पुतळा खांद्यावर घेऊन जिना चढतायत, श्वाससुद्धा चढलेला नाही.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही रे. उचलायच्या आधी त्याला सांगायचं, चल म्हणून. बेशुद्ध माणसालाही ऐकू येतं. अंग सैल सोडतो मग."

"हा बेशुद्ध नाही भावोजी. वाळू आहे."

ते हसले नाहीत. पुतळा हळूच खाली ठेवला, डोक्याखाली हात धरून. बाळाला ठेवतात तसा.

त्यानंतर लवकरच एका सकाळी मी कुलूप उघडलं आणि दार अडलं. जोर लावून ढकललं. आतून दाराशी जावई पालथा पडला होता. एक हात उंबऱ्याकडे लांब केलेला.

आमच्यापैकी कुणीही ते बघून थांबला असता. धुरात सापडलेली माणसं अशीच मिळतात. दार कुठे आहे हे कळतं, हात पोचतो, कडी उघडत नाही. मला वाटलं, पोरांची थट्टा. पुतळा ओढून जागेवर टाकला आणि ओरडायचं ठरवलं, पण दिवसाच्या कामात राहून गेलं. संध्याकाळी वर्दी आली. जुन्या इमारतीत एकटे राहणारे आजोबा. भावोजींनी आत शिरताच दारामागे हात घातला आणि त्यांना बाहेर ओढलं. वाचले ते.

पुढच्या वेळी जावई यंत्रांच्या कपाटामागे सापडला. गुडघे पोटाशी, डोकं गुडघ्यांत. मी चिडलो, सगळ्यांना फैलावर घेतलं. सगळे म्हणाले, आम्ही नाही. एकट्या भावोजींनी विचारलं, "कुठल्या बाजूला तोंड होतं?" आणि त्याच दिवशी एका शिवणकामाच्या कारखान्यात धुराने काही दिसेना, तेव्हा हा माणूस सरळ कपाटामागे गेला आणि एका बाईला खांद्यावर घेऊन आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावोजी मात्र बंबाच्या पायरीवर बसून आपल्या हातांकडे बघत होते.

मी कुलूप बदललं. किल्ली गळ्यात घातली. एवढ्याने जीव शांत होईना म्हणून जावयाला खांबाला बांधलं, आमची गाठ मारून. ती गाठ ओढली तर आवळते, सुटत नाही. सकाळी गाठ तशीच होती, दोराचा वेढा तसाच होता, आत कुणी नव्हतं. जावई खोलीतल्याच आंघोळीच्या मोरीत पडला होता, नळाखाली तोंड करून.

मी तिथे उभा असताना मागे पाऊल वाजलं. भावोजी होते. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. पोट कधीच उतरलं होतं. ते मोरीकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "नळापाशी का... बरं."

"भावोजी, हे काय चाललंय?"

"लोक मला म्हणतात, तुम्हाला धुरात दिसतं. मला काही दिसत नाही रे. हा दाखवतो."

"साहेबांना सांगू या. जाळून टाकू याला."

"आणि मग शोधायचं कसं?" त्यांनी माझा चांगला खांदा धरला. "मला झोप लागत नाही. डोळा लागला की वाटतं, हा आत्ता कुठेतरी जाऊन पडला असेल आणि मी बघितलंच नाही. उद्यापासून दार मी उघडतो. किल्ली दे."

मी किल्ली दिली नाही. त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच की न्हाणीघरात नळ सोडून बसलेला एक मुलगा त्यांनी आणला, जिवंत. आणि पुढे चाचणीत ते पहिले आले.

मी मात्र मांजरासारखा त्या खोलीभोवती फिरायला लागलो. दुपारी आत बसलो की पाठ खांबाला लावून बसायचो. पुतळ्याकडे बघवायचं नाही आणि नजर काढवायची नाही. पळायच्या पट्ट्याचा आवाज थांबला की खोलीत अजून कुणाचा तरी श्वास उरलाय असं वाटायचं... तोही लगेच थांबायचा.

मग ती सकाळ. झरोक्यातून जेमतेम उजेड येत होता. जावई खांबाशी नव्हता, दाराशी नव्हता, मोरीत नव्हता. लाकडी जिन्यावर होता. डोकं खाली, पाय वर, पालथा. आणि त्याच्या पाठीवर हवेची टाकी होती. पट्टे आवळलेले, बकलं नीट लावलेली.

आत अडकलेल्या माणसाच्या पाठीवर टाकी नसते. टाकी आमच्या पाठीवर असते.

भावोजींची पावलं अंगणात वाजली तेव्हा मी ते पट्टे सोडवत होतो. कसाबसा पुतळा खाली ओढला, खांबाशी बसवला, टाकी खुंटीला लावली. ते दारात आले.

"आज कुठे होता?"

"जागेवरच."

"नक्की?"

"हो. म्हटलं ना."

त्यांनी खांबाशी बसलेल्या पुतळ्याकडे नजर टाकली. मग म्हणाले, "आज सुट्टी दिली याने म्हणायची," आणि गेले. मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, भावोजींना आज वर्दीवर पाठवू नका, त्यांना बरं नाही. साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं. ते म्हणाले, मला काय धाड भरलीय.

दिवेलागणीला घंटा वाजली. कार्यालयाची इमारत, वरचे दोन मजले धुरात. मला कुणी सांगितलं नव्हतं तरी मी बंबावर चढलो. साहेब ओरडले, मग म्हणाले, "पंपापाशी थांब. हलायचं नाही."

भावोजी मुखवटा चढवून आत गेले. त्यांच्याबरोबरचा जवान थोड्या वेळाने एका माणसाला घेऊन बाहेर आला. भावोजी आले नाहीत. वायरलेसवर त्यांचा आवाज येत होता, "कुणी दिसत नाही... खाली येतोय..." मग नुसती खरखर. मग तीही नाही.

सगळे त्यांना वरच्या मजल्यावर शोधायला निघाले होते. मला माहीत होतं, ते तिथे नाहीत. मी पडलेली एक टाकी पाठीवर घेतली, मुखवटा चढवला आणि शिरलो. डाव्या हाताने भिंत धरून, गुडघ्यांवर. धूर इतका दाट होता की डोळे मिटलेले आहेत की उघडे ते कळेना. जिन्याची पहिली पायरी हाताला लागली. दुसरी. मग केस लागले. माणसाचे, घामाने भिजलेले. डोकं खाली, पाय वर.

मी ओढलं. खांद्यात कळ गेली आणि हात मेल्यासारखा झाला. परत ओढलं. जिना त्यांना सोडत नव्हता, असं वाटत होतं. माझ्या टाकीची शिट्टी वाजायला लागली, हवा संपत आल्याची. मी खाली वाकलो, त्यांच्या कानाशी मुखवटा टेकवला.

"भावोजी... चला."

आणि ते हलके झाले. कसे हलके सांगू? वाळलेल्या कपड्यांचं बोचकं उचलावं तसे. मी एका हाताने त्यांना बाहेर आणलं. लोकांनी उचलून गाडीत घातलं. त्यांची छाती हलत होती.

ते बरे झाले. थोडा खोकला राहिला, तेवढाच. जावई त्या दिवसानंतर जागचा हलला नाही. मी रोज सकाळी बघायचो, खांबाशी बसलेला, धूळ खात. पोरं परत त्याला ओढायला लागली, चेष्टा करायला लागली. माझी झोप परत आली. गोष्ट इथे संपली असती तर मी ती कुणाला सांगितली नसती.

एकदा ताईचा फोन आला. उगाच इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज उतरवून म्हणाली, "अरे, हे हल्ली झोपेत उठतात."

"कुठे जातात?"

"कुठे नाही. घरातच. सकाळी बघते तर पलंगावर नाहीत. परवा दाराशी पालथे. काल मोरीत... गुडघे पोटाशी घेऊन. उठवलं तर काही आठवत नाही म्हणतात. थकवा असेल, नाही?"

मी म्हटलं, असेल. आणि त्या दोन्ही दिवशी ठाण्यात काय वर्दी आली होती, कोण कुठे सापडलं होतं, ते तिला सांगितलं नाही.

तिला जरा बदल हवा म्हणून आमच्या हिने दोघांना आमच्याकडे राहायला बोलावलं. मला विचारलं नाही, मोठ्या हौसेने परस्परच फोन केला. भावोजी आले, माझ्या लेकीला पाठीवर घेऊन घोडा घोडा खेळले, पोट धरून हसले. जुने भावोजी. मला वाटलं, उगाच मी धसका घेतला.

सकाळी हिने मला हलवून उठवलं. "अहो, जरा या. भावोजी... चिमीच्या खोलीत आहेत."

लेक झोपलेली होती, शांत. तिच्या पलंगाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत भावोजी कुशीवर पडले होते. अंगाचं मुटकुळं केलेलं, इतकं लहान की एवढा मोठा माणूस तिथे मावला कसा ते कळेना. हात छातीशी, मूठ तोंडाजवळ. चिमी घाबरली की तशीच झोपते.

ताई त्यांना हाका मारत होती. आम्ही तिघांनी मिळून ओढलं. हलले नाहीत. शेवटी मी खाली वाकलो आणि मला जे म्हणायचं नव्हतं ते कानात म्हणालो. ते लगेच उठले. डोळे चोळून म्हणाले, "इथे कसा आलो मी?" ताई रडायला लागली. ही चहा टाकायला गेली.

मी चिमीला उचलून बाहेर नेलं आणि लगेच वायरमनला बोलावलं. त्याने भिंतीतली प्रत्येक तार बघितली, बटणं उघडली, पंखा उतरवला. सगळं नवं आहे साहेब, काही धोका नाही, म्हणाला. मग हातातून पडलेला स्क्रू उचलायला तो पलंगामागे वाकला. हात फटीत घातला आणि झटक्याने मागे घेतला. त्याने बोटं तोंडात धरली.

"लादी तापलीय. खाली कसला पाइप आहे का?"

मी हात लावून पाहिला. पाइप नाही. आमचं घर तळमजल्यावर आहे. खाली नुसती माती.