भट्टीला गाल कुठे असतो?

तिच्या कीबोर्डवर कुणीतरी धाडकन पावांचा ट्रे ठेवला. पाव कसले, पिठाचे गोळेच ते. वरून पांढरेफटक, आतून ओले.

"मॅन्युअल बनवणारं गाढव कुठे बसतं, सांगता का जरा?" ट्रेवाल्याने विचारलं. खांद्याला हत्यारांची पिशवी, कपाळावर काजळी आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

"इथेच," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्याच कीबोर्डवर ट्रे ठेवलाय."

त्याने घाईघाईने ट्रे उचलला. मग तो हसला, आणि डाव्या गालावर खळी पडली... एकच, उजव्या गालावर काही नाही. तिने ती पाहिली आणि पाहिली नाही असं दाखवलं. खरं तर गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती, पण माणसं सरळ वाटेने जातील तर शपथ!

ती जिथे मॅन्युअल लिहायची, त्याच भट्ट्यांच्या कंपनीचा तो मेकॅनिक. चौसष्ट बेकऱ्यांमधल्या चौसष्ट भट्ट्या त्याच्याकडे. प्रत्येकीवर त्याने स्वतःच्या हाताने क्यूआर कोडचा स्टिकर लावला होता. बर्नरची ज्योत विझली, की कोडवर मोबाइल धरायचा; मॅन्युअलमधला नेमका 'ज्योत विझल्यास' हा भाग उघडणार. सातव्या प्रकरणातला तिसरा.

"काल एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याने मोबाइल धरला," तो म्हणाला. "उघडलं काय? 'भट्टी बाहेरून पुसताना'! बिचाऱ्याने तासभर भट्टी पुसली. इतकी लख्ख भट्टी मी जन्मात पाहिली नाही. आणि पाव... हे असे."

हसायचं नाही असं ठरवूनही तिला हसू फुटलं. मग तिने तपासलं आणि कपाळाला हात लावला. मॅन्युअल मुळात छापायच्या पुस्तकासाठी मांडलेलं. तिचा प्रोग्राम त्याची वेबपानं करायचा आणि प्रत्येक भागाला त्याच्या क्रमांकाचाच पत्ता द्यायचा. गेल्या आठवड्यात साहेबांना हुक्की आली, की अध्यक्षांचं मनोगत पहिलं प्रकरण म्हणून घाला. मनोगत घुसलं, मागची सगळी प्रकरणं एकेक घर पुढे सरकली आणि जुन्या पत्त्यावर भलताच भाडेकरू येऊन बसला.

"आकड्यावर विसंबता कशाला?" तो म्हणाला. "आम्ही भट्टीला कधी नंबराने हाक मारत नाही, नावाने मारतो. बेकरीवाले भट्ट्या इकडच्या तिकडे हलवतात. पण 'म्हातारी' म्हटलं की म्हातारीच, कुठेही ठेवा!"

उत्तर इतकं सोपं होतं, की तिला त्याचा रागच आला. पण त्याच दिवसापासून ती भागांना नावं द्यायला बसली. भाग होते दोनशे बारा, आणि नियम एकच — एकदा बाहेर गेलेलं नाव पुन्हा बदलायचं नाही. भाग पुढे जावो, मागे जावो, नाव चुकलेलं का असेना. कुणीतरी त्याच्या भरवशावर असतं. नव्या नावांचे स्टिकर येतील तेव्हा आधी तपासा, मग चिकटवा, असं तिने त्यालाही बजावलं.

तोही रोज चार वाजता येऊ लागला. का येतो, हे दोघांनीही विचारलं नाही.

"याचं नाव 'दार' ठेवू?"

"भट्टीला दारं चार आहेत."

"मग... 'रुसलेलं दार'?"

"तुम्हाला सगळं रुसलेलंच दिसतं का हो?"

"समोर बसलेलं सोडून," तो म्हणाला. "नाही... तेही धरून."

एके दिवशी मात्र तो गंभीर होता. "नवे स्टिकर लावून झाले, की मला लांबच्या शाखेत पाठवायचं म्हणतायत. पुढच्या शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचंय." तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "जावं का?"

जाऊ नका — दोनच तर शब्द. दोनशेच्या वर नावं सुचलेल्या बाईला ते सुचले नाहीत. "हवा... चांगली असेल ना तिकडे?" ती म्हणाली.

"हवा?" घरी आत्याने ऐकलं आणि हातातली भाजी खाली ठेवली. "अगं, तू वेधशाळेत आहेस का गं कामाला?"

शेवटी एकच भाग उरला. 'ज्योत विझल्यास'. त्याला 'विझली' हे नाव हवं होतं. ती म्हणे, अभद्र वाटतं. वाद मिटेना, आणि नावाशिवाय प्रोग्राम पुढे सरकेना. म्हणून तात्पुरतं काहीतरी टाकायचं तर तिच्या बोटांनी मनातलंच टाकलं: गालावरची-खळी. मग ती चहा प्यायला गेली. परत येते तो साहेबांनी मोठ्या हौसेने स्वतःच बटण दाबलेलं! मॅन्युअल बाहेर गेलं होतं, कोड छापायलाही गेले होते.

पुढचा सगळा आठवडा तो नवे स्टिकर लावत बाहेर फिरत होता. पत्त्याच्या ओळीचं शेपूट कोण वाचतंय, असं ती स्वतःलाच समजावत होती.

शनिवारी चार वाजता तो आला. हातात मोबाइल.

"त्या म्हाताऱ्या बेकरीवाल्याची शंका आहे. पत्त्याच्या शेवटी 'गालावरची-खळी' असं लिहिलंय. तो विचारतो, भट्टीला गाल कुठे असतो?"

तिचे कान तापले. "ते... चुकून राहिलं."

"मग बदला की. एका बटणाचं तर काम."

बोट बटणापर्यंत गेलं. एक क्षण, आणि चेष्टा संपली असती, लाज वाचली असती, आणि हा माणूस निघून गेला असता. तिने हात मागे घेतला.

"नाही बदलणार. बाहेर गेलेलं नाव मी बदलत नाही. आणि... चूक नाही ती. तुम्ही मला आवडता. जाऊ नका."

तो समोरच्या खुर्चीत बसला. "साहेबांना सकाळीच 'नाही' सांगून आलोय."

"सकाळी? म्हणजे... तुम्ही वाचलंत कधी?"

"सोमवारी. पहिल्याच भट्टीवर."

"आणि तरी उरलेल्या त्रेसष्ट भट्ट्यांवर चिकटवलंत?"

"तुम्हीच बजावलं होतं ना, आधी तपासा, मग चिकटवा." आता खळी लपवणं त्याला जमेना. "तपासलं. बरोबर जागी जात होतं."