शेजारच्या सीटचा दरवाजा

जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी रात्री, जेवणं उरकायच्या वेळेला, ठोक्या प्रायमरचा डबा आणायला बाजारात गेला होता. आमचे काका ही गोष्ट दर वेळी इथूनच सुरू करतात. मध्येच कुणी "आधी भूत कधी येतं ते सांगा" म्हणालं तर पुन्हा डब्यापासून सुरुवात.

काका गाड्यांना रंग द्यायचे. ठोक्या त्यांच्या शेजारच्या शेडमधला डेंटर, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. काका गोष्ट सांगतात ती गच्चीवर, अंधार पडल्यावर, पोरं गोळा झाली की. आधीच कबूल करतात की हे माझ्यासमोर घडलेलं नाही, ठोक्यासमोर घडलं. पण ठोक्या आणि मी एका डब्यात जेवलोय, तेव्हा खरं धरून चाला, म्हणतात. परवा माझ्या धाकट्याने विचारलं, काका, भूत दर वेळी तेच असतं का? काका म्हणाले, भूत तेच, ऐकायला बसणारी गाढवं बदलतात. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मला ऐकायचं नव्हतं. पण कानांना काय झाकणं असतात?

तर डबा. जुन्या गाडीचा गंज काढला आणि आतून पांढरा लखलखीत पत्रा निघाला, की तो रात्रभर उघडा ठेवायचा नसतो. त्याच दिवशी प्रायमर मारायचा. आणि तोवर नुसत्या हाताने त्याला शिवायचं नाही. तळहाताला घाम असतो, घामात मीठ असतं. संध्याकाळी हात लागला की सकाळी पत्र्यावर तांबूस पंजा उमटलेला. यावरून या लोकांत आईबापापर्यंत शिव्या जातात. त्या शनिवारी ठोक्याने दरवाजाचा पत्रा घासून, पुसून तयार केला आणि प्रायमरचा डबा उघडला, तर आत सगळं वाळून दगड. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. म्हणून शटर नुसतं ओढून घेऊन रात्रीच निघाला.

गाडी होती लाल, बुटकी, दोन सीटची. जुनी स्पोर्ट्स कार. रस्त्यावरून गेली की माना वळाव्यात अशी. तिच्या मालकाला सगळे साहेब म्हणत, म्हणून मीही साहेब म्हणते, नाहीतर माझ्या तोंडात दुसरा शब्द आहे.

साहेबाची पहिली बायको याच गाडीत मेली. रात्री दोघं फिरायला गेले होते. जुन्या दगडखाणीच्या तळ्यापाशी ब्रेक लागला नाही आणि गाडी पाण्यात गेली, असं साहेबाने सांगितलं. तो पोहून वर आला. ती आली नाही. लोक हळहळले. गाडी क्रेनने काढली आणि साहेबाच्या घरामागे ताडपत्रीखाली कितीतरी वर्षं सडत पडली. मग साहेबाचं दुसरं लग्न ठरलं आणि त्याला वाटलं, नवी बायको याच गाडीतून आणावी.

काय म्हणावं अशा माणसाला? मीच बोलले. काका म्हणाले, थांब, अजून काही झालंच नाहीये.

साहेबाने गाडी ठोक्याच्या शेडमध्ये आणून टाकली आणि एकच बजावलं. चालकाच्या बाजूला काय हवं ते कर, पण शेजारच्या सीटचा दरवाजा उघडून आत हात घालायचा नाही. त्याचा गंज बाहेरूनच घासायचा.

ठोक्या हो म्हणाला, पण त्याला ते पटेना. गंज बाहेरून लागत नाही. दरवाजाच्या पोटात पाणी साठतं, तिथून तो पत्रा खात बाहेर येतो. बाहेरून घासून रंग मारणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. ठोक्याने आयुष्यात तसं काम केलं नव्हतं. त्याने चालकाचा दरवाजा काढून भिंतीला टेकवून ठेवला आणि मग साहेब नाही बघून शेजारच्या दरवाजाचं आतलं आवरण काढलं.

आत गंजाचे पापुद्रेच्या पापुद्रे. काच वर अडकलेली, खाली होईना की निघेना. तारेचा ब्रश घेऊन तो घासायला बसला. आतल्या हँडलपासून कुलपापर्यंत एक सळई जाते. हँडल ओढलं की सळई ओढली जाते आणि दार उघडतं. ती सळई मध्येच तुटलेली होती. ठोक्याला वाटलं, गंजून तुटली. पण गंजून तुटलेलं टोक कुरतडल्यासारखं निमुळतं होतं. हे टोक सपाट होतं. ब्लेडने कापल्यासारखं. आणि त्या सपाट टोकावर बाकीच्या सळईइतकाच जाड, जुना गंज होता.

म्हणजे पाण्यात जायच्या आधीच कापलेली.

ठोक्या काकांना बोलवायला आला. काकांनी बघितलं. ठोक्या म्हणाला पोलिसांत जाऊ. काका म्हणाले, काय घेऊन जाणार, गंजकी सळई? साहेब म्हणेल याच लोकांनी कापली.

आतला पत्रा घासायला दोनतीन दिवस लागणार होते. तोवर गंज धरू नये म्हणून ठोक्याने रात्री त्याला तेल पुसलं आणि शटर लावून घरी गेला. सकाळी येऊन बघतो तर तेलाखाली, स्वच्छ पत्र्यावर, गंजाचा पंजा.

तो तडक काकांच्या अंगावर धावून आला. तू हात लावलास म्हणून. काकांनी आपला हात पुढे केला. काकांचा हात म्हणजे फावडं. पंजा लहान होता. बाईचा. करंगळी वाकडी, बाहेरच्या बाजूला कललेली.

ठोक्याने पंजा घासून काढला, पुन्हा तेल लावलं, शटरला स्वतःचं कुलूप घातलं. सकाळी दोन पंजे. जसं कुणी आत बसून दोन्ही हातांनी दार ढकलावं.

त्याच दिवशी साहेब आला. आवरण काढलेलं बघून ओरडायला तोंड उघडलं आणि त्याची नजर पंजांवर गेली. मग तो ओरडलाच नाही. ज्या माणसाने कधी स्वतःच्या गाडीचा टायर बदलला नव्हता, त्याने ठोक्याच्या हातातला पॉलिश पेपर हिसकावला, गुडघ्यावर बसला आणि ते पंजे घासायला लागला. बोटांतून रक्त येईपर्यंत घासत होता. उठताना एवढंच म्हणाला, "बंद कर हे. आहे तसं बंद कर."

काकांनी इथे बिडी पेटवली. पोरांपैकी कुणीतरी विचारलं, मग केलं बंद? काका म्हणाले, केलं असतं. ठोक्यालाही पोरंबाळं होती, साहेबाशी वैर कुणाला हवंय? पण दुसऱ्या दिवशी ती आली.

ती म्हणजे साहेबाची होणारी बायको. हसरी पोरगी, पंचविशीची, सोबत धाकटा भाऊ. गाडी बघायची हौस. फरशी सडून चाळणी झालेली होती, तर ठोक्याने फळी टाकली आणि ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. भावाला म्हणाली, बघ कशी दिसते, राणी की कामवाली? भाऊ म्हणाला, भंगारवाली. ती हसली, दार ओढून घेतलं. मग आतलं हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. तसंच हसत काचेतून ठोक्याकडे बघून म्हणाली, "मामा, हे आतून उघडत नाही का?"

ठोक्याने बाहेरून दार उघडलं. तिला हात देऊन उतरवलं. ती गेल्यावर फळीवर बसून राहिला. लग्न झाल्यावर साहेब तिला याच गाडीतून कुठे कुठे नेणार होता, ते तिने कौतुकाने सांगितलं होतं. त्यात तळ्याकडचा रस्ताही होता.

संध्याकाळी त्याने नवी सळई कापली, जुनीच्या जागी वेल्डिंगने बसवली. हँडल ओढलं. दार एका बोटाने उघडलं. बंद केलं, ओढलं, उघडलं. आत बसून, बाहेरून, पुन्हा आत बसून. त्याने पोरीच्या भावाला निरोप दिला की तुझ्या ताईला सांग, दार आता आतून उघडतं.

निरोप पोचला. पोरीने तो आनंदाने साहेबालाही सांगितला. तिला काय माहीत.

तर शनिवार. ठोक्या डबा घेऊन परत येत होता. गल्ली सामसूम, गॅरेजं बंद. लांबूनच दिसलं की आपल्या शेडचं शटर गुडघाभर वर आहे आणि आत दिवा आहे. बाहेर साहेबाची दुसरी गाडी उभी.

आणि आवाज येत होता.

ठोक्याने आयुष्यभर पत्र्यावर हातोडी मारली होती. हा हातोडीचा आवाज नव्हता. हा तळहाताचा होता. सपाट तळहात, पत्र्यावर. थप. थप. थप थप थप. मग काचेवर.

मग साहेबाचा आवाज. बारीक.

"उघड…"

थोडा वेळ काहीच नाही.

"उघड ना गं…"

ठोक्याने डबा खाली ठेवला. शटरला हात घातला. शटर वर जाईना. रोज एका हाताने वर जाणारं शटर. आत तळहात आपटतच होते. मग हळू झाले. मग एक… मग बराच वेळ नाही… मग एक.

मग नाही.

शटर आपोआप वर गेलं.

दिवा जळत होता. गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उभी होती, जशी ठेवली होती तशी. चालकाच्या बाजूला दार नव्हतंच, ते भिंतीला टेकलेलं. ती बाजू सगळी उघडी. उठून चालत बाहेर यावं एवढी मोठी जागा.

साहेब शेजारच्या सीटवर बसला होता. तोंड काचेकडे. डोळे उघडे. उजव्या मुठीत लोखंड कापायच्या हॅक्सॉचं ब्लेड. नखं तुटलेली.

ठोक्या जवळ गेला. बाहेरून हँडलला एक बोट लावलं. दार उघडलं. काही अडकलं नव्हतं. सळई धड होती, तिच्यावर ब्लेडचा ओरखडासुद्धा नव्हता. साहेब बाजूला कलला आणि त्याच्या तोंडातून पाणी आलं. वाटीभर. मग आणखी. हिरवट, शेवाळाच्या वासाचं. फरशीच्या भोकांतून खाली गळत राहिलं.

शर्ट कोरडा होता. केस कोरडे होते.

बिडी कधीची विझली होती, ती काका तशीच ओढत होते. पोरं एकमेकांना चिकटून बसली होती आणि माझ्या हातातली चादर अर्धी घडी होऊन राहिली होती.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. पाण्याचं कुणी काही लिहिलं नाही. मला विचाराल तर एवढं पाणी कमीच झालं. ती पोरगी भावासोबत आपल्या गावी परत गेली, पुढे दुसरीकडे संसाराला लागली. आता स्वतःची गाडी स्वतः चालवते, म्हणतात. लाल गाडी भंगारात गेली, पण त्याआधी बरेच दिवस शेडमध्येच होती. प्रायमरचा नवा डबा ठोक्याने उघडलाच नाही. त्या दरवाजाचा आतला पत्रा तसाच उघडा राहिला. त्याला गंज आला नाही. पंजाही आला नाही.

अडकलेली काच मात्र त्या रात्रीनंतर नुसता हात लावताच सुटून आली. ठोक्या ती कापडात गुंडाळून काकांकडे घेऊन आला. म्हणाला, तुझ्याकडे थिनर आहे, ॲसिड आहे, तू बघ निघतं का. मग त्याने डेंटिंग सोडलं, सासुरवाडीला जाऊन दुकान टाकलं.

काकांनी थिनर लावलं. ॲसिड लावलं. ब्लेडने खरवडलं.

"दाखवा," मी म्हणाले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि पोरं घाबरली की रात्री माझ्याच अंगाला चिकटून झोपतात. काका खाली गेले. रंगांच्या कपाटामागून काच काढून घेऊन आले, कंदिलाच्या उजेडात धरली.

काचेला गंज चढत नाही. हे मलासुद्धा कळतं.

पण होता. तांबूस, लहान, बाईचा पंजा. करंगळी बाहेर कललेली. मी नखाने खरवडलं. काही निघालं नाही.

अशा गाड्यांच्या काचेला थोडा फुगवटा असतो. पोकळ बाजू आतली, फुगीर बाजू बाहेरची. पत्र्यावरचे पंजे सगळे आतून उमटलेले, बाहेर यायला ढकलणारे. मी काच हातात घेतली आणि दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघितलं.

हा पंजा फुगीर बाजूला होता.