शेवटी काढलेला ळ

"बाबा, अक्षरं तुम्हीच विकलीत का?"

विचारून दाखवच, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. वर्गात तिला सगळ्या वकीलबाई म्हणत. माघार घेणार कशी?

बाबांचा घास हातातच राहिला. आई ताटाकडे बघत बसली.

बाबा अक्षरकार. एका बड्या कंपनीसाठी त्यांनी वर्षभर खपून अक्षरांचं अख्खं कुटुंब घडवलं होतं. बारीक, मध्यम, ठसठशीत. कंपनीच्या पाट्यांपासून पावत्यांपर्यंत तीच दिसायची होती. आणि आज चौकात प्रतिस्पर्धी कंपनीचा फलक लागला. त्यावर हीच अक्षरं, जगाने अजून न पाहिलेली. संशय थेट बाबांवर आला आणि गावभर बोभाटा झाला.

उद्या कंपनीच्या मालकीणबाई येणार होत्या, जाहिरातप्रमुखांना घेऊन. बाबांनी कबुली दिली नाही तर कोर्ट. मग त्यांना कुणी साधी वेलांटीही काढायला देणार नव्हतं.

"नाही," बाबा एवढंच म्हणाले आणि उठले.

अंधार पडता पडता ती चौकात गेली. वाऱ्याने फलक धडधडत होता. 'काळजी नको, आम्ही आहोत.'

क बाबांचा. ज बाबांचा. पण ळ? दोन व पाठीला पाठ लावून चिकटवल्यासारखा. असला बेढब ळ बाबांच्या हातून झोपेतही उतरला नसता.

घरी येऊन तिने आईला खोदून खोदून विचारलं. ळ हट्टी, म्हणून बाबा तो नेहमी सगळ्यात शेवटी काढतात. हा तर परवाच पुरा झाला. नमुन्याची फाईल मात्र महिन्यापूर्वीच गेली होती, एकट्या प्रमुखांकडे.

दुसऱ्या दिवशी प्रमुख बाबांच्याच खुर्चीत बसले. नमुना आपण उघडलासुद्धा नाही, असं त्यांनी मालकीणबाईंना दोनदा सांगितलं. बाबा भिंतीला टेकून उभे होते.

"काका, एक विचारू?"

"विचार, बाळ."

"फलकावरचा ळ असा का?"

"मुद्दाम बिघडवला असेल. संशय नको म्हणून."

"मग तुमच्या फाईलमधला ळ काढा. शेजारी ठेवून बघू."

"त्यात ळ कुठे होता?"

मालकीणबाईंनी सावकाश मान वळवली.

"फाईल न उघडता कसं कळलं, काका?"

प्रमुखांनी ओठ पुसले.

मग तिने उलगडून सांगितलं. बाबांनी अक्षरं विकली असती तर ळही त्यांनीच काढून दिला असता. चोराकडे तो नव्हता, म्हणून त्याला तो जोडून काढावा लागला. म्हणजे चोरीला गेला तो अपुरा नमुना. तो होता एकाच माणसाकडे.

"तिकडे मोठी खुर्ची ठरली होती," प्रमुख पुटपुटले. मालकीणबाई उठल्या आणि बाबांची खुर्ची रिकामी करायला त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

दोघंही गेली, दार लागलं. बाबा खुर्चीत बसले. त्यांनी पेन्सिल उचलली. तिने ती अलगद काढून घेतली.

"आई, बाबा, माझं ठरलं. शाळा संपली की मी अक्षरंच काढणार. आणि सुरुवात ळपासून."