अक्षताचे हात

डिसेंबरात तपासणीची कमिटी येणार होती, म्हणून वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी एम.एस्सी.च्या दोघांना हर्बेरियम आवरायला पाठवलं. कोल्हापुरातल्या त्या कॉलेजात हर्बेरियम म्हणजे तळमजल्याच्या टोकाची एक लांबट खोली. तिथल्या सागवानी कपाटांत कागदावर डकवलेल्या हजारभर वाळक्या वनस्पती होत्या, काही तर शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या. डांबरगोळ्यांचा वास असा, की घरी गेल्यावरही कपड्यांतून निघत नसे. काम साधंच होतं. जुन्या चिठ्ठ्या काढायच्या, नव्या चिकटवायच्या.

दोघांतला एक राजवर्धन, गारगोटीचा. दोन वर्षांपूर्वी तो मोटरसायकलवरून पडला आणि डाव्या हाताच्या नसा खांद्यातच तुटल्या. हात होता, पण नुसता लोंबता. पँटच्या खिशात बोटं अडकवून तो हिंडायचा.

दुसरी अक्षता. चंदगडच्याही पुढं, जंगलाला लागून असलेल्या गावातून आलेली. 'काय करूलायस' असं बोलायची म्हणून वर्गात पोरं हसत. पण हॉस्टेलवर तिला कुणी खोलीत घ्यायला तयार नव्हतं, त्याचं कारण वेगळं होतं. एका मुलीनं खिडकीत टाकलेला सुकलेला गजरा अक्षतानं उचलला, आणि तिच्या हातात तो पुन्हा उमलला, असं म्हणत. राजवर्धननं ते ऐकलं आणि सोडून दिलं. एवढंच त्याच्या ध्यानात आलं, की ती कायम हातमोजे घालते आणि हात जवळ घेऊन बसते, कुणाला लागू नयेत असे.

तीन दिवस दोघं समोरासमोर बसून चिठ्ठ्या चिकटवत होती. एका हातानं त्याला कागद धरता यायचा नाही, तर ती न बोलता कोपरानं दाबून धरायची. 'बिचारा' अशा नजरेनं मात्र तिनं एकदाही बघितलं नाही. मधूनच बंद कपाटातून सळसळ ऐकू यायची.

"उंदीर हाईत काय वं मामा?" राजवर्धननं खोलीच्या शिपायाला, पिराजीला विचारलं.

"उंदीर कुरतडतो," पिराजी कपाटाकडं न बघता म्हणाला. "ह्यो आवाज कुरतडायचा न्हाय. वाढायचा हाय." आणि तो चहाला निघून गेला.

चौथ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, शेवटचं कपाट उरलं होतं.

"काम कालच संपलं असतं," राजवर्धन म्हणाला. "मीच हळू करतोय."

"का?"

"संपलं की तू समोर बसायची न्हाईस म्हणून."

अक्षतानं मान वर केली. ती हसली. तिला हसताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. हसण्याच्या भरात तिनं कपाटाच्या दाराला हात टेकला. मोज्याचं बोट फाटलं होतं, ते तिच्या लक्षात नव्हतं.

आधी वास बदलला. डांबरगोळ्यांचा वास विरला आणि ओल्या रानाचा, कुजक्या पानांचा, कुठल्यातरी गोड फुलाचा वास दाटून आला. मग कपाटात काहीतरी ताणल्यागत करकरलं. दाराच्या फटीतून एक हिरवा तंतू बाहेर आला, हवेत चाचपडला आणि वर चढू लागला. त्याच्यामागं दुसरा. मग एकामागून एक सगळी कपाटं उघडली. चौकटीचं लाकूड ओलं होऊन फुगलं आणि खोलीचा दरवाजा जिथल्या तिथं आवळून बसला. बघता बघता वेलींनी खिडक्या झाकल्या. भर दुपारी आत हिरवा अंधार झाला.

"लांब हो..." अक्षता भिंतीला टेकून म्हणाली. "मला थांबवता येत न्हाय... कधीच आलं न्हाय."

"कशानं होतं हे?"

"राग आला की... रडू आलं की." तिनं फाटक्या मोज्याकडं बघितलं. "आज तसलं काय न्हवतं. आज बरं वाटलं."

राजवर्धनच्या घोट्याला काहीतरी गार लागलं. वेल पोटरीवरून वर सरकत होती, घाई न करता. उजव्या हातानं त्यानं एक तोडली तर दोन आल्या. कमरेला विळखा पडला, मग छातीला. श्वास पुरेना. घशाशी पालवी आली तेव्हा त्याला खरी भीती वाटली.

"अक्षता... वाळलेलं, मेलेलं असंल तेच हिरवं हुतंय न्हवं?"

"व्हय..."

"मग माझा डावा हात धर. त्योबी मेलेलाच हाय. सगळं तिकडं जाऊ दे."

"माणसाला न्हाय..." ती कुजबुजली. "माणसाला धरायचं न्हाय मला..."

पण त्याचे ओठ निळे पडताना तिला दिसत होते. तिनं मोजे ओढून काढले आणि दोन्ही हातांनी त्याचा लोंबता हात घट्ट धरला.

खांद्यातून कोमट पाणी सोडल्यागत काहीतरी खाली उतरत गेलं. कोपर, मनगट, बोटांची टोकं. खोलीतली सळसळ हळूहळू थांबली. वेली पिवळ्या पडल्या, वाळल्या आणि भुगा होऊन खाली गळाल्या.

पिराजीनं पहारीनं दार उघडलं तेव्हा जमिनीवर घोटाभर पाचोळा होता. त्यात दोघं बसली होती आणि राजवर्धनच्या डाव्या हातानं अक्षताचा हात धरला होता. पिराजीनं बराच वेळ तो हात बघितला.

"मी झाडून घेतो," एवढंच तो म्हणाला. "तुम्ही जावा घरला."

डॉक्टरांनी तीनदा तपासलं आणि असं कधीकधी होतं म्हणून सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी चहाची बशी धरली त्या दिवशी त्याची आई चुलीपुढं बसून रडली. अक्षतानं त्याच्यापुढं हातमोजे घालायचं सोडलं. तो हिवाळा दोघांचा सुखात गेला.

मे महिन्यात लग्नाचं विचारायला तो तिच्या गावी गेला. एसटीतून उतरून काजूच्या बागेतून दोघं चालत घरी पोचली. अक्षताची आई तानाबाई हसतमुख बाई. तिनं गूळपाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली, आणि सोयरीक पसंत असल्याचं तोंडावरच सांगून टाकलं.

अंगणात एक माणूस खुर्चीवर बसला होता. तोंड सूर्याकडं, पाय घोट्यापर्यंत मातीत.

"अण्णा हाईत, माझं वडील," अक्षता हळूच म्हणाली.

राजवर्धननं वाकून नमस्कार केला. अण्णांची पापणीही हलली नाही. तानाबाई तांब्या घेऊन आली आणि रोजच्या सवयीनं तिनं त्यांच्या पायांवर पाणी ओतलं.

"काय झालंय त्यास्नी?"

"आता काय न्हाय. बरं हाय," तानाबाई म्हणाली. "अक्षता सहा वर्सांची हुती तवा गेलं हुतं. मसणात न्यायला माणसंबी आलती. पर ही पोर काय त्यांचा हात सोडंना."

अक्षता खाली बघत होती. राजवर्धनला वाटलं, आपण उठून निघावं. पण वाटण्यापलीकडं काही झालं नाही. मन शांत होतं, आणि ती जवळ होती.

"उभं का, पावणं? बसा की," तानाबाईनं अण्णांच्या शेजारची रिकामी खुर्ची दाखवली. खुर्चीपुढची माती ताजी खणून भुसभुशीत केलेली होती.

राजवर्धन बसला. ऊन तोंडावर आलं, आणि डाव्या हाताची बोटं आपसूक त्या उन्हाकडं वळली. त्याला इतकं बरं वाटलं, की पायांतले बूट त्यानं कधी काढले, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.