टेम्पोला जागा आहे?

सळ्ळकन पाणी उडालं आणि त्या उंचनिंच तरुणाची पांढरी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. साधं पाणी असतं तर एक वेळ चाललं असतं हो! पण ते होतं सुरमई-पापलेटाच्या पाट्या उतरवल्यावर टेम्पोत उरलेलं बर्फाचं पाणी. दोन खवले तर त्याच्या बुटावर ऐटीत जाऊन बसले.

दमयंतीच्या हातातली बादली हातातच राहिली. दादरच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत ती टेम्पो धूत होती, आणि हा बाबा मान वर करून इमारतींच्या पाट्या वाचत चालला होता. चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा.

"दिसत नाही का तुम्हाला?" तो म्हणाला.

"मला दिसतं की! तुम्हीच आभाळात बघत होता. घारी मोजत होता काय?"

"विम्याचं ऑफिस शोधत होतो... एजंट झालोय. आज पहिलाच दिवस आहे."

विमा म्हटल्याबरोबर दमयंतीने बादली दाणकन खाली ठेवली.

"अस्सं! म्हणजे तुम्ही त्यांच्यातले! चोर मेले, सगळे एका माळेचे मणी!"

आता या पोरीला विम्याचा एवढा राग का, ते सांगायला हवं. दमयंती वरळी कोळीवाड्याची. मॅट्रिक झालेली, जिभेने तिखट आणि हाताने त्याहून चलाख. बाप बुधाजी याचे गुडघे गेले, भाऊ धोंडू होडीवर, तेव्हा मासळीचा तीनचाकी टेम्पो तिनेच हातात घेतला. बाईमाणूस टेम्पो चालवते म्हणून आधी अख्खा कोळीवाडा हसला. मग तोच कोळीवाडा तिच्या टेम्पोत पाट्या चढवायला रांग लावू लागला. पण ते संपाचं दुसरं वर्ष होतं. गिरण्यांचे भोंगे बंद, परळ-लालबागला कधी दगडफेक होईल याचा नेम नाही, आणि त्यातच विम्याचे दर वाढले. बुधाजीने हात झटकले. "यंदा विमा परवडला तर टेम्पो तुजा. नायतर विकून टाकू, नि वेसाव्याचं स्थळ आलंय त्याला होकार कळवू." वेसाव्याच्या मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, बायकोने टेम्पो चालवलेला त्याला चालणार नाही.

म्हणून दमयंती आठवडाभर विम्याचा बाजार हिंडत होती. मासळी घेताना चार पाट्या बघायच्या, नाक मुरडायचं, निघून जातेय असं दाखवायचं, ही विद्या तिला आईच्या दुधातून मिळालेली. चारही कंपन्यांच्या ऑफिसात ती तेच करून आली. पण दरवेळी ती निघाली, तरी मागून कुणी "अहो ताई, या, थोडं कमी करू" अशी हाक मारली नाही. आणि चारही ठिकाणी भाव एकच!

"हे संगनमत नाही तर काय?" ती तावातावाने म्हणाली.

तरुण हसायला लागला. पँटमधून पाणी ठिबकतंय आणि हा हसतोय! हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती. दमयंतीच्या ते लक्षात आलं आणि तिला उगाचच आणखी राग आला.

"अहो बाई, मोटारीच्या विम्याचा दर ठरवून दिलेला असतो. कुठेही जा, भाव तोच."

"मग चार-चार दुकानं कशाला मांडलीत?"

त्याने तोंड उघडलं... मिटलं... आणि म्हणाला, "खरं सांगू? मलाही कळलेलं नाही."

हे मात्र तिला आवडलं. चारही ऑफिसांत एवढं खरं कुणी बोललं नव्हतं.

"नाव काय तुमचं?"

"शरच्चंद्र गुप्ते. इथेच दादरला चाळीत राहतो. आधी गिरणीच्या टाइम-ऑफिसात होतो. आता गेटला कुलूप, म्हणून हे." तो जरा घुटमळला. "तुम्ही घ्याल का विमा? म्हणजे... तुम्ही माझं पहिलंच गिऱ्हाईक."

झालं! इथेच पोर अडकली. अहो, सकाळची भवानी! पहिलं गिऱ्हाईक हात हलवत निघून गेलं की विकणाऱ्याचा दिवस फुकट जातो, हे कोळणीच्या लेकीला कुणी शिकवावं लागतं का? तिची आई बकुळा पहिल्या गिऱ्हाइकाला पदरचं घालून मासा द्यायची, पण रिकामं पाठवायची नाही. आणि इथे तर बिचाऱ्याची पँटही हिनेच भिजवलेली.

"बसा," दमयंतीने टेम्पोची पुढची सीट फडक्याने पुसली. "पण मी घासाघीस करणार हं!"

"करा की. दर मला कमी करता येत नाही, पण उगाच काय भरताय ते बघता येईल."

आणि त्याने खरंच बघितलं. आबांनी, म्हणजे बुधाजीने, कधी अपघाताची भरपाई मागितली होती का? छे, कधीच नाही! मग त्याची सूट मिळायला हवी होती, ती जुन्या एजंटाने कधी सांगितलीच नव्हती. टेम्पो जुना झाला, तरी विमा नव्याच्या किमतीवर चालला होता. एकेक गोष्ट निघत गेली.

"दंगल आणि संपाचं वेगळं पडतं. काढून टाकू?"

"मुळीच नाही! तेच तर हवंय. मी रोज धक्क्यावरून मासळी घेऊन लालबागहून येते."

"रोज?" त्याने झटकन तिच्याकडे पाहिलं. "एकट्या?"

"टेम्पो असतो की सोबतीला."

ते दंगलीचं कलम त्याने दोनदा तपासलं. शेवटी त्याने घराचाही विमा जोडला, बेरीज झाली, आणि तो धरूनसुद्धा गेल्या वर्षीपेक्षा कमी भरायचे निघाले! दमयंतीने आनंदाने हॉर्नवर तळहात दाबला तो सोडेचना. गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली.

"आता फक्त सही," तो कानावर हात ठेवून ओरडला.

"आबांची लागेल. रविवारी घरी या!"

रविवारपर्यंतचे दिवस कसे गेले म्हणून सांगू! दमयंतीने दोनदा मिठाचा डबा समजून साखरेचा डबा कालवणात रिकामा केला. लालबागला सिग्नल हिरवा झाला तरी ती कुणाच्या तरी खळीच्या विचारात उभी.

रविवारी शरच्चंद्र आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात पिशवी. धोंडूची होडी रात्रीच समुद्रावर गेलेली. बकुळाने चहा दिला, बुधाजी खाटेवर बसला, आणि या शहाण्याने घसा साफ करून सुरुवात केली.

"समजा, घराला आग लागली. समजा, दर्या खवळून भिंत पडली. समजा, होडी बुडा—"

"आये!" बकुळाच्या हातातली बशी खाली पडली.

अरे देवा! पोरं समुद्रावर असताना कोळ्याच्या घरात हा शब्द? जिथे साधी बांगडी फुटली तरी वाढली म्हणतात, तिथे?

बुधाजी गुडघे विसरून उठला. "ए भाऊ! माज्या पोराची होडी दर्यात हाय, नि तू माज्याच घरात बसून काय बोलतंस? ऊठ! चल नीघ!"

"अहो, पण मी... ते कलमच तसं आहे..."

"खड्ड्यात गेलं तुजं कलम! दमे, टेम्पोचं गिऱ्हाईक बघतो मी. आन् येत्या पौर्णिमेला वेसाव्याची मानसं बोलवून घेतो."

शरच्चंद्र पायऱ्या उतरला. घाबरून काय म्हणावं त्याने? "जातो." तेसुद्धा चुकलंच! बकुळाने पुन्हा कपाळाला हात लावला.

धोंडू संध्याकाळी सुखरूप परतला, टोपलीभर कोळंबी घेऊन. पण बुधाजीचा पारा काही उतरला नाही. दमयंती रात्रभर कूस बदलत राहिली. टेम्पो जाणार म्हणून रडू येतच होतं, पण त्यात ती खळीही पुन्हा दिसणार नाही, हे दुःख कुठून घुसलं ते तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी दादरच्या त्याच गल्लीत तो उभा होता. तीच पँट. खवल्यांचे डाग गेले नव्हते.

"टाका पाणी," तो म्हणाला. "आज मुद्दाम हीच घालून आलोय."

दमयंतीला हसायचं नव्हतं. पण हसू आलं, आणि हसता हसता डोळेच भरले.

"माझा टेम्पो जातोय, आणि तुम्हाला थट्टा सुचते?"

"नाही हो." त्याचा आवाज एकदम हळू झाला. "मला झोप नाही लागली. माझ्यामुळे तुमचा टेम्पो जाणार असेल, तर आग लागो त्या विम्याला."

"बघा! पुन्हा तेच! ही जीभ आहे की काय?"

"मग शिकवा मला. कसं बोलायचं तुमच्या घरात?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तो गंमत करत नव्हता. तिने टेम्पोचं दार उघडलं.

"बसा. नारळ फुटला तर काय म्हणायचं?"

"वाढला."

"दुकान बंद केलं?"

"वाढवलं. अहो, एवढं आमच्याकडेही म्हणतात!"

"मग तिथे अक्कल कुठे गेली होती? आता सांगा, आग लागली तर?"

"घर... वाढलं?"

"चूल वाढली म्हणा! घर वाढलं काय? आई दुसरी बशी फोडेल!"

रोज सकाळी पाट्या उतरवल्यावर ही शाळा भरू लागली. मास्तरीणबाई कडक. चुकलं की कानाला हात लावायचा. एकदा त्याने मुद्दाम चूक केली आणि चुकून तिच्याच कानाकडे हात नेला. अर्ध्यावर थांबला... कानातला मोत्याचा डूल तेवढा हलला. मग दोघंही समोरच्या भिंतीवरची जाहिरात फार लक्षपूर्वक वाचू लागले.

पौर्णिमेच्या सकाळी होड्या बंदराला लागलेल्या. दुपारी वेसाव्याची माणसं येणार, आणि टेम्पोचं गिऱ्हाईकही. त्याआधीच शरच्चंद्र दारात हजर! हातात शेंडीचा नारळ. आधी देव्हाऱ्यातल्या एकवीरा आईपुढे तो ठेवला, मग बकुळाच्या पाया पडला.

"हा परत कशाला आला?" बुधाजी गुरगुरला.

"आबा, एकदाच ऐका. नाही पटलं तर माझी काही हरकत नाही." त्याने कागद उघडलाच नाही. "तुमची चूल कधी अंगणभर वाढली, तर कंपनी धावून येईल. दर्या कधी तुमच्या घरी जेवायला आला आणि जाताना भिंतही घेऊन गेला, तरी कंपनी येईल. न बोलावलेला पाहुणा कपाटापर्यंत पोचला, तरी येईल. टेम्पोने एखाद्या खांबाची गळाभेट घेतली... किंवा लालबागच्या पोरांना तो फारच आवडला, तर तेही कंपनी बघेल."

बकुळाने पदर तोंडाला लावला, पण खांदे गदागदा हलत होते. धोंडू तर दाराआड बसकण मारून हसत होता. बुधाजीच्या मिशा थरथरल्या. एकदा, दोनदा... आणि मग म्हातारा असा खो-खो हसला की खाट करकरली.

"दर्या जेवायला येल म्हनं! आयकलंस काय गो बकुळे?" मग डोळे पुसून त्याने शरच्चंद्राला निरखलं. "बरं, ये बस. एक सांग. माजी पोर सासरी गेली तर? टेम्पोचं काय?"

हे कलम काही शाळेत शिकवलेलं नव्हतं. दमयंतीने दाराची चौकट घट्ट धरली.

"तर..." तो अडखळला, दाराशी उभ्या दमयंतीकडे बघितलं आणि एका दमात बोलून गेला, "टेम्पो तिच्याबरोबर जावा. चालवते ती. तिच्या हातातून तो काढून घेईल असं सासरच नको. हे कंपनीचं म्हणणं नाही आबा. माझं आहे."

बुधाजीने एकदा पोरीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने हात पुढे केला. "पेन दे. नि धोंड्या, वेसाव्याला सायकल मार. म्हनावं, आज नको येवा. टेम्पोवाल्यालाबी सांग, गाडी विकायची नाय."

दमयंती त्याला सोडायला बंदरापर्यंत गेली. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून दोघं चालत होते.

"एक विचारायचं राहिलं," तो शेवटी म्हणाला. "रात्री टेम्पो कुठे उभा असतो? लिहावं लागतं."

"सध्या वरळीला."

"सध्या?"

"विमा वर्षाचाच असतो ना? पुढच्या वर्षी नवा करताना पत्ता बदलता येतो का?"

"येतो... कुठला लिहायचा?"

दमयंतीचे गाल तापले. पण जीभ तिखट असली की वेळेला कामाला येते. ती बोंबलाकडे बघत म्हणाली, "तुमच्या चाळीखाली टेम्पोला जागा आहे?"

शरच्चंद्र जागच्या जागी उभा राहिला. खळी पडली ती मिटेचना. गर्रकन वळला आणि धावतच सुटला. दहा पावलांवर थांबून मागे वळून ओरडला, "जा— नाही, नाही! येतो!"

दुसऱ्या दिवशी पहाटे दमयंतीचा टेम्पो दादरला वळला, तेव्हा एका चाळीच्या अंगणात गलका चालला होता. कुणाची सायकल हलवली होती, कुणाची तुळशीची कुंडी सरकवली होती, आणि पहिल्या मजल्यावरून एक आजीबाई "अरे मेल्या शरद, पहाटे पहाटे काय चाललंय तुझं?" म्हणून ओरडत होत्या. अंगणाच्या मधोमध शरच्चंद्र गुप्ते हातात चुना घेऊन वाकला होता, आणि फरशीवर एक भलामोठा पांढरा चौकोन आखून झाला होता.

टेम्पोचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. कपाळावर चुना, डोळ्यांत ही चमक!

"मावेल, दमू!" अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं तो ओरडला. "दोन्ही बाजूच्या आरशांसकट मावेल!"

आणि दमयंतीने हॉर्नवर तळहात दाबला तो सोडलाच नाही.